चाळिशीनंतर मैदानावर पडायची परवानगी कुणाकडे मागायची?

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. आणि "शहरातले बाकी प्रश्न संपले का?" हे विचारायची घाई करू नका, त्याचं उत्तर पुढे दिलंय.

टोकियोत एक रग्बी क्लब आहे, फुवाकू नावाचा. १९४८ साली सुरू झाला. म्हणजे महायुद्धात शहर जळून तीनच वर्षं झाली होती, लोकांना धड घरं नव्हती, आणि काही चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी ठरवलं की आपण पुन्हा रग्बी खेळायचं. हा क्लबच चाळिशीपुढच्यांचा. कन्फ्यूशियसच्या परंपरेत चाळीस म्हणजे मन डळमळायचं थांबतं ते वय, आणि फुवाकू म्हणजे न डळमळणारा. आपल्याकडे चाळिशी लागली की चष्मा लागतो आणि बीपीची गोळी सुरू होते. त्यांच्याकडे क्लबचं सभासदत्व सुरू होतं!

रग्बी ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो हातात घेऊन पळायचं, पास द्यायचा तर फक्त मागे किंवा बाजूला, आणि समोरच्याने तुम्हाला कवेत घेऊन खाली पाडायचं. कबड्डीची पकड आणि पावसाळ्यातला फुटबॉल एकत्र केला तर जे होईल ते. असा हा खेळ फुवाकूतले साठीचे लोक लाल चड्डी घालून खेळतात, सत्तरीतले पिवळी आणि ऐंशीतले जांभळी. ही हौसेची रंगरंगोटी नाही. समोरच्याच्या चड्डीचा रंग बघून आपण किती जोर लावायचा हे कळतं. म्हातारा माणूस मैदानात असतो, चेंडू घेऊन पळतो, त्याला अडवतातही, पण त्याची हाडं मोडणार नाहीत याची जबाबदारी समोरच्या तरुणाने घ्यायची. नियम एवढाच. मला विचाराल तर कुठल्याही ज्येष्ठ नागरिक धोरणापेक्षा हा नियम जास्त शहाणा आहे.

असाच प्रकार १९७९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. 'गोल्डन ओल्डीज' म्हणतात त्याला. देशोदेशीचे जुने खेळाडू जमतात, सामने होतात, पण अजिंक्यपद नाही, फायनल नाही. खेळ संपला की दोन्ही संघ एकत्र जेवतात, गाणी म्हणतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. रग्बीवाले याला सामन्याचा तिसरा हाफ म्हणतात आणि तो पहिल्या दोन हाफइतकाच महत्त्वाचा मानतात.

आता तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचे आणि जपान्यांचे लाड, आपला काय संबंध? संबंध आहे. रग्बी भारतात आपण समजतो त्यापेक्षा फार आधी आला. १८७३ साली कलकत्त्यात क्लब निघाला. चार-पाच वर्षांत सभासद कमी झाले, क्लब बंद करायची वेळ आली. बँकेत शिल्लक होती. त्या लोकांनी चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा कप करून इंग्लंडला पाठवला. झाकणावर हत्ती, मुठींना नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी भांडतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धेची परंपरा आहे, तीही भर पावसात, कारण चिखलात पडलं तर कमी लागतं. १९९८ साली भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यात अभिनेते राहुल बोस होते, म्हणजे तेव्हा तिशी ओलांडलेला माणूस. एक गोष्ट मान्य, जिमखाना हा मूळचा साहेबांचा, आणि आजही सभासदत्वाच्या भिंतीआडचा. आझाद मैदानाच्या शेजारी असून सामान्य माणसाला आत वाट नाही. पण म्हणूनच मुद्दा आपल्या गावाकडे आणायचा आहे. ज्यांच्याकडे जिमखाना नाही त्यांनी चाळिशीनंतर खेळायचं कुठे?

नाशकात आम्ही बारा-पंधरा जण रविवारी सकाळी कबड्डी खेळतो. एक रिक्षावाला आहे, दोन शिक्षक, एक प्रेसमधून रिटायर झालेले काका, एक द्राक्षवाला, एक मेडिकल दुकानवाला आणि मी बातमीदार. सगळ्यांत लहान एकेचाळीसचा, काका बासष्टचे. फुवाकूचं वाचून आम्हीही ठरवलं, साठीच्या पुढच्याच्या दंडाला लाल फडकं बांधायचं, त्याची पकड करायची पण त्याला आपटायचं नाही. मस्त चाललं. मग कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या कॉलनीतल्या ग्रुपला बोलवू, एक मैत्रीपूर्ण सामना करू, घरच्यांना बोलवू, नंतर सगळ्यांनी मिसळ खायची. नाशिक आहे, तिसरा हाफ मिसळीचाच असणार.

मैदानासाठी अर्ज करायला मी एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण तिथला माणूस वाईट नव्हता, त्याच्या टेबलावरचा कागद वाईट होता. पहिला प्रश्न, संस्था नोंदणीकृत आहे का? नाही. दुसरा, वयोगट कोणता? मी म्हटलं, चाळीसच्या पुढे. त्याने कागद माझ्याकडे फिरवला. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, खुला. तो म्हणाला, "साहेब, वर्षांखालील आहे. वर्षांवरील नाहीये." मग तिसरा प्रश्न, विजेत्यांना प्रमाणपत्र देणार का? मी म्हटलं, विजेतेच नाहीत. त्याने पेन खाली ठेवलं आणि मला खरंच काळजीने विचारलं, "मग कशासाठी करताय?"

मित्रहो, या प्रश्नावर माझं भांडण आहे. त्या माणसाशी नाही. तो प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडात घातलाय.

आपल्याकडे खेळ म्हणजे काय? दहावी-बारावीला वाढीव गुण. सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, गरिबाच्या पोराला त्यातून वाट मिळते, मी त्याच्या विरोधात नाही. पण यातून खेळाचं प्रमाणपत्र हीच खेळाची व्याख्या झाली. प्रमाणपत्राचं वय संपलं की खेळाचं वय संपलं. पोरगं अठरा वर्षांचं होईपर्यंत आई-बाप त्याला सकाळी पाचला उठवून मैदानावर सोडतात, आणि एकोणिसाव्या वर्षी तेच आई-बाप विचारतात, "अजून खेळतोयस?" मग तो थेट पंचेचाळिसाव्या वर्षी उगवतो, कार्डिओलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये.

'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात २०२२ सालचा अंदाज आहे की भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ, ४९.४ टक्के, पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. आणि २००० साली हाच एकूण आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. बावीस वर्षांत दुपटीच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मागते किती, तर आठवड्याला दीडशे मिनिटं बरी हालचाल. म्हणजे रविवारची दीड तासाची कबड्डी आणि मध्ये एखाद-दोनदा थोडंफार चालणं. एवढंसुद्धा निम्म्या देशाला जमत नाहीये, आणि आपण विचारतोय कशासाठी करताय.

केंद्राचं नवं क्रीडा धोरण, खेलो भारत नीती, १ जुलै २०२५ ला मंजूर झालं. त्याच्या पाच खांबांपैकी एक खांब आहे, खेळ ही लोकचळवळ व्हावी. फार छान. पण लोकचळवळीतले लोक म्हणजे कोण? फक्त एकोणीस वर्षांखालचे? चाळीस ते सत्तरमधले कोट्यवधी लोक कुठल्या रकान्यात बसवायचे?

कुणी म्हणेल, जॉगिंग ट्रॅक दिलाय की. ओपन जिम दिलीय. हास्यक्लब आहे. सगळं मान्य, मीही ट्रॅकवर चालतो. पण चालणं हा खेळ नाही. ट्रॅकवर शंभर माणसं एकाच दिशेने कानात बोंडकं घालून फिरतात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. खेळात दुसरा माणूस लागतो. त्याला हात लावावा लागतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो, त्याने पाय ओढला तर शिवी गिळावी लागते, आणि सामना संपल्यावर त्याच्याच गळ्यात हात टाकावा लागतो. चाळिशीनंतर पुरुषाला दुसऱ्या माणसाचा स्पर्श कधी होतो सांगा? लोकलच्या गर्दीत, नाहीतर कुणाच्या खांद्याला खांदा देताना.

आणि नाशिककरांना हे कळत नाही असं मला कुणी सांगू नये. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात तेव्हा काय होतं? पन्नाशीचे, साठीचे बाप्ये कठड्यावरून रंगीत पाण्यात धप्पा मारतात. एकमेकांच्या अंगावर पडतात, लागतं, खरचटतं, हसतात. त्या दिवशी कुणी विचारत नाही विजेता कोण. श्रावणात मंगळागौरीला साठीच्या काकू रात्र-रात्र झिम्मा-फुगडी घालतात. बस फुगडी घालून बघा एकदा, मांड्या थरथरतील! तो खेळच आहे, तोही स्पर्धेशिवायचा. (आता त्याच्याही स्पर्धा आणि पैठण्या सुरू झाल्यात, तो वेगळा विषय.) म्हणजे अंगात ते आहे. पण वर्षातून एक दिवस, देवाच्या किंवा सणाच्या नावाने. देवाचं नाव न घेता नुसतं खेळायचं म्हटलं की आपण ओशाळतो.

बायकांचं तर विचारूच नका. शाळेत खो-खो गाजवलेल्या, जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलेल्या कितीतरी जणी आज याच शहरात आहेत. लग्नानंतर त्यातल्या कुणी मैदानावर पाय ठेवला? आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एकही बाई नाही, आणि याचं कारण "त्यांना आवड नसते" हे नाही. मैदानावर स्वच्छतागृह नाही, बघ्यांची गर्दी आहे, आणि रविवारी सकाळी घरातला नाश्ता कुणी करायचा हा प्रश्न आहे. पहिल्या दोन गोष्टी महापालिका करू शकते. तिसरी तुम्ही-आम्ही.

एक उदाहरण मुद्दाम देतो. दरवर्षी राज्य सरकार हौशी मराठी नाट्य स्पर्धा घेतं. साठपेक्षा जास्त वेळा झालीय. आपल्या नाशिक केंद्रावर साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग होतात. बँकेतला कारकून, एसटीतला कर्मचारी, पन्नाशीची शिक्षिका, तीन-तीन महिने रात्री तालमी करतात आणि एक प्रयोग करतात. त्यांना कुणी विचारतं का, या वयात नाटक कशाला? उलट आपल्याला त्याचा अभिमान आहे, कानेटकरांच्या गावाला तो शोभतोही. हौशी हा शब्द नाटकात मानाचा आणि खेळात टिंगलीचा, असं का? रग्बीत तर १९९५ च्या ऑगस्टपर्यंत पंधरा जणांच्या मूळ खेळात पैसे घेणंच नियमबाह्य होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ जगातले सगळ्यात चांगले खेळाडू डॉक्टर, खाणकामगार, पोलीस, मास्तर होते आणि शनिवारी खेळायचे.

आता मैदानांकडे येऊ. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आपण अजून गोल्फ क्लबच म्हणतो, गोल्फ खेळताना मात्र आमच्या पिढीने तिथे कुणाला पाहिलेलं नाही. रणजीचा सामना तिथे होतो, जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा झाला, आनंदच आहे. राजकीय सभाही तिथेच होतात, एका पक्षाच्या नाही, ज्याला त्याला जमेल तशा. शहरातल्या बाकी मोकळ्या जागांवर प्रदर्शनं, सेल, कथा-प्रवचनं, फटाक्यांचे स्टॉल, लग्नाचे मांडव. मंडप उठला की खिळे आणि खड्डे मागे राहतात. अनवाणी कबड्डी खेळणाऱ्याला विचारा खिळा म्हणजे काय. आता सिंहस्थ आलाय, मोकळी जागा दिसली की तिच्यात पार्किंग दिसतं. कुंभ बारा वर्षांनी येतो, त्याची सोय झालीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण घेतलेलं मैदान खेळायला परत कधी देणार, ही तारीख आजच कागदावर लिहून द्या. गंमत बघा, २०२७ च्या मे महिन्यात जपानमध्ये कान्साईला जागतिक मास्टर्स गेम्स आहेत, जगभरातले पिकल्या केसांचे खेळाडू तिथे जमणार. याच स्पर्धेत २०१७ साली ऑकलंडला आपल्या चंदीगडच्या मान कौर आजी १०१ व्या वर्षी शंभर मीटर धावल्या होत्या. त्यांनी धावायला सुरुवात केली ती नव्वदी ओलांडल्यावर. त्या कुठल्या रकान्यात बसल्या असत्या?

मैदान नाही तर टर्फ आहे, असं आमचा एक तरुण मित्र म्हणतो. टर्फवर तासाचे पैसे लागतात. रिक्षावाल्याने तासाचे पैसे मिळवायचे की मोजायचे?

मुलांचा हक्क आधी, असाही एक आक्षेप येतो. शंभर टक्के आधी. पण मला एक तरी मैदान दाखवा जिथे पोरांना जागा मिळाली नाही कारण पन्नाशीचे लोक कबड्डी खेळत होते. पोरांची जागा मांडवाने खाल्ली, आम्ही नाही. आणि बाप पडतो, कपडे झटकून उठतो, हरतो आणि हसतो, हे पोराने बघितलं तर त्याचं काही बिघडत नाही.

इजेचं काय? होते. माझा खांदा अजून दुखतो. पण जगात वयस्कांच्या रग्बीत यावर पन्नास वर्षं विचार झालाय. स्क्रममध्ये ढकलाढकली नको, पाहिजे तेव्हा खेळाडू बदला, वयाप्रमाणे रंग द्या. आपण त्यात भर घालू. सामन्याआधी बीपी बघायचं, छातीत दुखत असेल तर खोटं बोलायचं नाही, मैदानावर सीपीआर येणारा एक जण पाहिजे. एवढ्यावर निभावतं. घरी बसून जे होतं त्याला तर एवढेही नियम नाहीत.

आता थोडं आमच्या लोकांना. चाळिशीपुढचे जे खेळतात ते काय करतात? टेनिस बॉलची स्पर्धा भरवतात आणि तिला कुणा साहेबांच्या नावाचा चषक करतात. वीस फुटी फ्लेक्स. नाणेफेकीला दीड तास उशीर, कारण साहेब यायचेत. डीजे. सत्कार, पुन्हा सत्कार, नारळ. मग सामना आठ षटकांचा सहा षटकांवर, कारण ऊन झालं. शेवटी पंचाशी मारामारी. अरे, खेळा ना राव! तुम्हाला चषक कशाला पाहिजे, तुमच्या घरात तो ठेवायला जागा नाही आणि बायको तो माळ्यावर टाकते. फ्लेक्सचे पैसे वाचवले तर मैदानावर पाण्याची टाकी येईल.

आणि लोक हसतात म्हणून जे खेळत नाहीत त्यांना देवळालीची गोष्ट सांगतो. ब्रिटिशांच्या काळात घरी परतणारे सैनिक देवळाली कॅम्पात आणून ठेवायचे. बोट यायला महिने लागायचे. काम नाही, उन्हाळा, ताप, नुसतं बसून राहायचं. बसून-बसून माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागली. त्यावरून इंग्रजीत शब्दच आला, डूलॅली, म्हणजे डोकं फिरलेला. इंग्रजी शब्दकोशाला आपल्या देवळालीने दिलेला हा शब्द. तेव्हा पन्नाशीत मैदानात उतरलेल्या माणसाला "डोकं फिरलंय याचं" म्हणण्याआधी ध्यानात घ्या, ज्यांची फिरली ते बसून राहिलेले होते.

माणसं येणार नाहीत, असंही ऐकवलं जातं. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघंही डॉक्टर, अमेरिका आडवी पार करणारी सायकल रेस नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर या शहरात किती प्रौढ माणसं सायकलवर दिसायला लागली ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. रस्ता आयता होता म्हणून ते जमलं. कबड्डीला, खो-खोला, फुटबॉलला आणि कुणाला वाटलं तर रग्बीलाही मैदान लागतं, एवढाच फरक.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकांचं राज्य होतं. तेव्हा विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. जानेवारीत निवडणूक झाली, आता ३१ प्रभागांत १२२ नगरसेवक आहेत. मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागात एक मैदान, रविवारी सकाळी सहा ते नऊ, चाळिशीपुढच्या बायका-पुरुषांच्या खेळासाठी राखीव. अनामत नाही, भाडं नाही, नोंदणीकृत संस्थेची अट नाही. त्या वेळात मांडव नाही. स्वच्छतागृह उघडं. आणि त्या अर्जाच्या कागदावर एक रकाना वाढवा, "चाळीस वर्षांवरील". याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, त्यामुळे खड्डे आणि पाण्याचा एक रुपयाही इकडे वळत नाही. सुरुवातीला विचारणार होतात ना, बाकी प्रश्न संपले का? हे त्याचं उत्तर.

आमचा सामना झाला. परवानगीशिवाय, एका शेतकरी मित्राच्या खळ्यावर, शहरापासून अकरा किलोमीटरवर. कोण जिंकलं ते कुणीच मोजलं नाही. काकांच्या दंडावर लाल फडकं होतं तरी त्यांनी तिघांना अंगावर घेतलं आणि मध्यरेषेवर बोटं टेकवली. त्यांची सून मोबाईलवर शूट करत होती, तिच्या हातातून फोन पडला.

आपापल्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना हा एकच प्रश्न विचारा, आमच्या प्रभागातलं रविवारचं मैदान कोणतं? जे उत्तर येईल ते मला इनबॉक्समध्ये पाठवा, आलं नाही तर तेही कळवा. प्रभाग क्रमांकासकट यादी इथेच टाकतो.